डिफमध्ये पाणी शिरू द्यायचं नसेल तर: ब्रीदर, सील आणि ऑइल, पहिल्यापासून

मी पहिल्यांदा गाडी पाण्यात घातली तेव्हा सगळा जीव इंजिनात अडकलेला. एअर फिल्टरपर्यंत पाणी पोचेल का, इंजिन पाणी ओढेल का, वायरिंग भिजेल का, हेच डोक्यात. पाणी होतं जेमतेम गुडघाभर, आरामात पार झालो, पलीकडे उतरून फोटोबिटो काढले, खूश. तीन आठवड्यांनी ५०-६० च्या स्पीडला मागून घूंऽऽ असा बारीक आवाज यायला लागला, ॲक्सिलरेटर सोडला की बदलायचा, दाबला की परत यायचा, आणि मी आपला टायरचा असेल टायरचा असेल म्हणत अजून दोन आठवडे गाडी दामटली. इथेच माती खाल्ली. शेवटी डिफचा (डिफरेन्शियल, म्हणजे ॲक्सलच्या मधला गिअरचा गोळा, जो इंजिनची ताकद दोन्ही चाकांना वाटतो) खालचा ड्रेन प्लग काढला तर आधी चक्क पाण्याची धार आली, दोन-तीन सेकंद, आणि तिच्या मागून दूध घातलेल्या कॉफीच्या रंगाचं फेसाळ असं काहीतरी. क्राऊन-पिनियन, म्हणजे डिफमधली मुख्य गिअरची जोडी, थोडक्यात वाचलं पण पिनियनची दोन्ही बेअरिंगं गेली, रोलरवर तपकिरी डाग आणि नखाला लागतील असे खड्डे.

तुमची गाडी अजून आतून कोरडी असेल तर हे सगळं सुट्टीच्या एका दिवसात उरकण्यासारखं काम आहे. फक्त एक गोष्ट आधीच सांगतो कारण मला ती कुणी सांगितली नव्हती: ॲक्सलच्या बाबतीत पाणी किती खोल आहे यापेक्षा ॲक्सल किती तापलाय हे जास्त बघायचं असतं.

पाणी शिरतं कसं, हे आधी डोक्यात बसवा

ॲक्सलचं हाऊसिंग म्हणजे दोन बाजूंना लोखंडी नळ्या आणि मध्ये डिफचा गोळा. आत ऑइल असतं पण काठोकाठ नसतं, बरीच जागा नुसत्या हवेची असते. गाडी लांबून पळवत आणली की ऑइल तापतं, हवा तापते, ८० डिग्री काही फार नाही. तापलेली हवा फुगते, तिला बाहेर पडायला वाट पाहिजे म्हणून हाऊसिंगच्या वरच्या अंगाला एक छोटा ब्रीदर दिलेला असतो. इथपर्यंत ठीक. आता हाच तापलेला ॲक्सल तुम्ही २० डिग्रीच्या पाण्यात बुडवलात की आतली हवा आकसते, ८० वरून २० वर आली तर साधारण १७ टक्के. आत ३ लिटर हवा धरली तर अर्ध्या लिटरची तूट आली, आणि ती भरून काढायला ॲक्सल बाहेरून ओढणार, जे हाताला लागेल ते. बाहेर हवा असेल तर हवा, पाणी असेल तर पाणी.

ब्रीदर तुंबलेला असेल तर ही ओढ किती असते माहितीये? पावणेदोन मीटर खोल पाण्याच्या दाबाएवढी. म्हणजे गाडी उभी आहे गुडघाभर पाण्यात, पण सीलला (शाफ्ट हाऊसिंगमधून बाहेर पडतो तिथे बसवलेली रबरी कडी) वाटतंय आपण माणूस बुडेल एवढ्या पाण्यात आहोत.

आणि सील बिचारं पाणी अडवायला बनवलेलंच नसतं, ते ऑइल आत ठेवायला बनवलेलं असतं. त्याची मुख्य कड ऑइलकडे तोंड करून असते आणि एक बारीक गोल स्प्रिंग तिला शाफ्टवर दाबून धरते. आतून दाब आला तर कड आणखी घट्ट बसते, बाहेरून आला तर उचलली जाते. बऱ्याच सीलना बाहेरच्या बाजूला धुळीसाठी अजून एक छोटी कड असते, पण तिचा जीव धुळीपुरताच.

अजून एक गोम आहे. कंपनीतून येणारे बरेच ब्रीदर एकमार्गी असतात, टोपीखाली स्प्रिंग असते, आतला दाब बाहेर जातो पण बाहेरचं काही आत येऊ देत नाहीत. ऐकायला भारी वाटतं, पण मग थंड होताना हवा आत येणार कुठून? त्यामुळे ब्रीदर अगदी चांगला असला तरी ओढ सीलवरच येते. म्हणून नवीन लोकांच्या डोक्यात हमखास येणारी आयडिया, की ब्रीदरच सीलंट लावून बंद करून टाकू म्हणजे पाणी जायचा प्रश्नच नाही, ही सगळ्यात वाईट आयडिया आहे. बंद केलात तर गरम असताना ऑइल सीलमधून बाहेर येऊन ब्रेकवर जाणार आणि गार होताना त्याच सीलमधून पाणी आत येणार.

१. आपल्या गाडीखाली काय आहे ते बघा

गाडीखाली शिरा, टॉर्च घ्या. पुढे-मागे दोन्हीकडे सलग ॲक्सल (एका चाकापासून दुसऱ्या चाकापर्यंत एकच अखंड हाऊसिंग) आहे का? जिम्नी, रँग्लर असल्या गाड्यांना दोन्हीकडे असतो. खूप एसयूव्हींना मागे सलग ॲक्सल आणि पुढे इंडिपेंडंट सस्पेन्शन असतं, तिथे डिफ चासीलाच बसवलेला असतो, चाकाबरोबर वरखाली होत नाही, त्यामुळे तिथली नळी टाकणं सोपं पण बाहेरच्या शाफ्टचे रबरी बूट ही वेगळी डोकेदुखी.

मग ब्रीदर मोजा. पुढचा डिफ, मागचा डिफ, ट्रान्सफर केस (ताकद पुढच्या-मागच्या ॲक्सलला वाटणारा गिअरचा डबा), गिअरबॉक्स, असे सहसा चार. लोक दोन डिफचं करतात आणि ट्रान्सफर केस विसरतात, आणि भौतिकशास्त्र तिथेही तेच असतं. काही गाड्यांना कंपनीच नळी लावून ब्रीदर वर नेऊन देते, तसं असेल तर नळीचं टोक कुठे संपतंय ते हाताने चाचपत शेवटपर्यंत जाऊन बघा, कारण बऱ्याचदा ती चासीच्या वर कुठेतरी अर्ध्यावरच संपलेली असते.

युनिमॉगसारखे पोर्टल ॲक्सल असतील तर प्रत्येक चाकाच्या हबमध्ये वेगळा गिअर आणि वेगळं ऑइल असतं, तेही यादीत धरा. पण पोर्टलवाले हा लेख वाचत बसले नसतील.

२. सामान

- गाडीचं सर्व्हिस मॅन्युअल, निदान ऑइलचा ग्रेड, लिटर आणि प्लगचा टॉर्क लिहिलेली पानं
- सॉकेट सेट आणि ॲलन की (डिफच्या प्लगला कुठे बाहेरून षटकोनी डोकं असतं, कुठे आतून ॲलनचा खड्डा, कुठे सरळ अर्धा इंची चौकोनी भोक, आपल्याला काय लागतं ते आधी बघून ठेवा)
- टॉर्क रेंच
- दोन जॅक स्टँड आणि चाकाला लावायला ओंडके, नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली कधीही जायचं नाही
- ऑइल काढायला ट्रे, भरायला हातपंप
- प्लगचे नवीन वॉशर
- ब्रीदरची नळी, त्याला बसणारे फिटिंग, क्लिपा, केबल टाय, टोकाला लावायला छोटे फिल्टर
- ब्रेक क्लीनर, चिंध्या, वायर ब्रश
- काचेची एक पारदर्शक बरणी, ही का ते पुढे कळेल

३. ब्रीदर काढून बघा

ब्रीदर सहसा ॲक्सलच्या नळीवर किंवा गोळ्याच्या वरच्या बाजूला असतो, अंगठ्याच्या नखाएवढी टोपी. त्याच्या आजूबाजूला वाळलेल्या चिखलाचा थर असतो, आधी तो सगळा ब्रशने आणि चिंधीने काढा आणि मगच पाना लावा. नाहीतर ब्रीदर काढलात की तीच माती भोकातून सरळ डिफमध्ये. हसू नका, मी पाडलीये.

काढायच्या आधी टोपी बोटाने फिरवून बघा. चांगल्या ब्रीदरची टोपी हलते, फिरते, थोडी वरखाली खडखडते. माझी दगडासारखी बसलेली. कारण मीच. दोन महिने आधी गंज लागू नये म्हणून हौसेने गाडीला खालून काळं कोटिंग मारलं होतं, सगळीकडे, छान जाड, आणि त्यात ब्रीदरची टोपी पण रंगवून टाकली होती. म्हणजे गाडीला पाण्यापासून वाचवायला केलेल्या कामानेच पाणी आत गेलं. तुम्ही खालून कोटिंग करून घेतलं असेल, स्वतः किंवा कुणाकडून, तर आज संध्याकाळी जाऊन पहिली ही टोपी बघा.

काढल्यावर रॉकेल नाहीतर डिझेलमध्ये बुडवून ठेवा, मग तोंडाने फुंकून बघा. हवा गेली पाहिजे. नाही गेली तर नवीन घ्या, त्यात जीव घालत बसू नका.

४. नळी टाकून ब्रीदर वर न्या

हे मुख्य काम. मूळ ब्रीदर काढायचा, त्या जागी नळी बसेल असं फिटिंग लावायचं, आणि नळीचं दुसरं टोक पाणी कधीच पोचणार नाही अशा उंचीवर नेऊन सोडायचं. म्हणजे ॲक्सल गार होताना वरची कोरडी हवा ओढतो आणि सीलवर ओढ येतच नाही. एवढंच आहे, पण करताना ज्या चुका होतात त्या सगळ्या मी केल्यात किंवा जवळून बघितल्यात, म्हणून जरा पाल्हाळ लावतो.

फिटिंगचे आटे. मूळ ब्रीदर काढून सोबत न्या आणि त्याच्याशी जुळवून फिटिंग घ्या. आटे दोन जातीचे असतात, सरळ आणि निमुळते, आणि निमुळतं फिटिंग सरळ आट्याच्या भोकात दोन फेरे मस्त जातं आणि मग अडतं, मग माणूस जोर लावतो आणि हाऊसिंगचे आटे कापून बसतो. हाताने निदान तीन-चार फेरे अलगद गेले नाहीत तर थांबा.

नळी. आतून ६ किंवा ८ मिलिमीटरची. मी ८ची घेतो, कारण बारीक नळीत ऑइलचा एखादा थेंब चढला की तो बुचासारखा अडकून बसतो. नळी ऑइल आणि उष्णता दोन्ही सहन करणारी पाहिजे, इंधनाला वापरतात ती नायट्राइल रबरची किंवा हवेच्या लाइनला वापरतात ती नायलॉनची. फिश टँकची पारदर्शक प्लास्टिकची नळी लावू नका, ती काही महिन्यांत कडक होते आणि एक दिवस फिटिंगपाशी तडकते, आणि तडकते ती बरोबर पाण्याखाली असते तेव्हा.

लांबी. गाडी जमिनीवर उभी असताना नळी मापून कापलीत तर ती कमी पडणार म्हणजे पडणार. चासी उचलून स्टँडवर घ्या, चाकं पूर्ण खाली लोंबू द्या, आणि त्या अवस्थेत मापा. वर थोडी ढील ठेवा. पुढच्या ॲक्सलला स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण फिरवूनही बघा. एका मित्राची नळी पहिल्याच मोठ्या खड्ड्यात चाक लोंबल्यावर फिटिंगवरून सटकली आणि त्याला कळलंच नाही, पुढचे चार ओढे तो उघड्या भोकाने पार करत होता.

रस्ता. नळी फिटिंगपासून टोकापर्यंत चढत गेली पाहिजे, मध्ये कुठे झोळी नको. झोळीत पाणी किंवा ऑइल साठतं आणि मग नळी असून नसल्यासारखी. सायलेन्सरच्या पाइपपासून लांब ठेवा, प्रोपेलर शाफ्टपासून (डिफपर्यंत ताकद नेणारा लांब फिरता दांडा) लांब ठेवा. ब्रेकच्या रबरी नळीला केबल टायने बांधायचा मोह होतो कारण ती नेमकी तिथूनच जात असते, पण ब्रेकची नळी एकटीच हलू द्या, चासीवर क्लिप लावून न्या. केबल टाय आवळताना नळी चेपत नाही ना बघा, चेपलेली नळी म्हणजे परत तुंबलेला ब्रीदर.

टोक. पुढच्या ॲक्सलचं टोक इंजिनच्या मागच्या पत्र्याला, शक्य तितकं वर. स्नॉर्केल (इंजिनची हवा छपराजवळून घेणारा पाइप) असेल तर स्नॉर्केलबरोबर अजून वर. मागच्याचं टोक बरेच लोक टेललाइटच्या मागच्या पोकळीत किंवा इंधन भरायच्या तोंडाजवळ नेतात, दोन्ही चालतं. निदान इंजिन जिथून हवा घेतं तेवढी उंची तरी हवीच, म्हणजे ब्रीदर बुडायच्या आधी तुमचं इंजिन बंद पडेल, आणि मग ब्रीदरची चिंता तशीही दुय्यम. टोक खाली वाकवून छोटा फिल्टर लावा. उघडं ठेवलंत तर धूळ तर जातेच, पण कुंभारमाशी भोकात मातीचं घर करून जाते, आणि तुम्ही सगळं केलं म्हणून निवांत असता.

टोक इंजिनच्या इनटेक पाइपला जोडायचा सल्लाही कुणीतरी देईल. मला तो पटत नाही, तिथे सतत ओढ असते, ऑइलची वाफ इंजिनात जायची. तसंच चारही नळ्या एकत्र जोडून एकच टोक वर काढायची पद्धत आहे, दिसायला देखणं काम होतं, पण खालची एक नळी सुटली तर पाणी चौघांच्या वाट्याला येऊ शकतं. मी वेगवेगळ्या ठेवतो आणि प्रत्येकीला वेगळ्या रंगाची टेप, म्हणजे कुठल्या टोकातून ऑइल आलं तर गुन्हेगार लगेच कळतो.

टेस्ट. डिफचा फिलर प्लग (ऑइल भरायच्या भोकाचा) काढा, एकाला वरच्या टोकातून फुंकायला सांगा आणि दुसऱ्याने फिलरच्या भोकावर तळहात धरायचा. हाताला हवा लागली की काम झालं. कॉम्प्रेसर लावू नका, प्लग बंद असताना कॉम्प्रेसरची हवा आत गेली तर सील बाहेर. सील तपासायचेच असतील तर सगळे प्लग बंद करून, गेज असलेल्या सायकलच्या पंपाने फक्त १ पीएसआय दाब द्या आणि सीलभोवती साबणाचं पाणी लावून बुडबुडे बघा.

नंतर कधी टोकातून ऑइल यायला लागलं तर एक तर डिफमध्ये ऑइल जास्त झालंय, किंवा हवेवर चालणारा डिफ लॉकर (दोन्ही चाकं एकत्र फिरवायला डिफ लॉक करणारा) असेल तर त्याची आतली सील गळून कॉम्प्रेसरची हवा हाऊसिंगमध्ये भरतेय.

५. सील

बघायच्या जागा: प्रोपेलर शाफ्ट जिथे डिफमध्ये जातो तिथलं पिनियन सील, आणि ॲक्सलच्या दोन्ही टोकांची. ओलसर, त्यावर धूळ चिकटून काळा गोल झालेला दिसला की सील गेलं समजा. मागे ड्रम ब्रेक असेल तर ड्रम काढून बघा, आत तेलकट दिसलं तर ते ऑइल डिफचं असू शकतं.

पण सील बदलायच्या आधी ब्रीदर बघा. तुंबलेल्या ब्रीदरमुळे गळणारं सील बदललंत तर नवीन पण गळणार, आणि मग माणूस सीलच्या क्वालिटीला शिव्या घालतो. दुसरं, सील जिथे टेकतं त्या शाफ्टवर नख फिरवा. खाच लागली तर नुसतं नवीन सील टिकणार नाही, त्यावर बसवायची पातळ स्टीलची बाही मिळते ती घाला. तिसरं, शाफ्ट हाताने वरखाली हलत असेल तर बेअरिंग गेलंय, आधी ते. बसवताना सीलच्या कडेला ग्रीसचं बोट फिरवायला विसरू नका, कोरडं सील पहिल्याच फेरीत स्वतःला कापून घेतं.

६. ऑइल

मॅन्युअलमध्ये जो ग्रेड आहे तोच. बहुतेक डिफना जीएल-५ दर्जाचं गिअर ऑइल लागतं, ७५डब्ल्यू-९०, ८०डब्ल्यू-९० वगैरे. लिमिटेड स्लिप डिफ (एकच चाक नुसतं घसरत फिरू नये म्हणून आत क्लच असलेला) असेल तर त्याचं वेगळं ॲडिटिव्ह लागू शकतं, नाही घातलं तर वळताना कटकट आवाज येतो. महाग सिंथेटिक घातलं म्हणजे पाण्याची भीती नाही हा गैरसमज आहे, पाणी मिसळल्यावर साध्या आणि सिंथेटिक दोन्हींची अवस्था सारखीच होते.

बदलताना नियम एकच: आधी फिलर प्लग उघडा, मग ड्रेन. उलटं केलंत आणि फिलर गंजून अडकलेला निघाला तर डिफ रिकामा आणि भरायला जागा नाही, गाडी जागची हलत नाही. लेव्हल सपाट जमिनीवर, सहसा फिलरच्या भोकाच्या खालच्या काठापर्यंत, काही ॲक्सलना काठाच्या थोडी खाली, मॅन्युअल बघा. ड्रेन प्लगला मॅग्नेट असलेला घेतलात तर उत्तम, त्यावर करडी पेस्ट आली तर काळजी नको, किस किंवा तुकडे आले तर मेकॅनिककडे.

७. हब, क्रॉस, बूट

चाकाचं हब ग्रीसवर चालणारं असेल तर त्याला सहसा ब्रीदरच नसतो, तिथे नळी टाकायचा प्रश्न नाही, सील आणि ग्रीस यांच्यावरच भरवसा. घाट उतरून ब्रेकने तापलेलं हब पाण्यात घातलं की तेही आत ओढतं. पाण्यात टिकणारं ग्रीस वापरा आणि दोन वेगळ्या जातींची ग्रीस एकमेकांत मिसळू नका, काही जोड्या पातळ होऊन वाहून जातात.

प्रोपेलर शाफ्टच्या क्रॉसला (टोकाचा वाकू देणारा सांधा) आणि सरकत्या जॉइंटला ग्रीस निप्पल असेल तर पाण्याच्या ट्रिपनंतर ग्रीस गन मारा, क्रॉसच्या चारही टोकांतून ताजं ग्रीस डोकावेपर्यंत. रबरी बूट बोटाने ताणून घड्यांच्या आत बघा, चीर नेहमी घडीत लपलेली असते.

८. पाण्यात घालताना

काठावर थांबा. इंजिन बंद करायची गरज नाही, पण ॲक्सल गार होऊ द्या, १५-२० मिनिटं. डिफच्या गोळ्याला आणि हबला लांबूनच हात नेऊन उष्णता बघा, मग टेकवा. हात टेकवून ठेवता येत नसेल तर अजून थांबा. सोबतचे लोक घाई करतील, करू देत, तेवढ्या वेळात पायी जाऊन तळ बघून या. नळी टाकलेली असली तरी मी थांबतो, हबसाठी.

मग चालायच्या वेगाने, एकाच गिअरमध्ये, न थांबता. मध्ये उभं राहून फोटो काढायचे नाहीत, उभी गाडी म्हणजे भिजत घातलेला ॲक्सल.

आणि ज्याकडे कुणाचंच लक्ष नसतं असं एक पाणी: घरी आल्यावर प्रेशर वॉशर. तापलेला ॲक्सल, थंड पाणी, तेही जोरात आणि नेमकं चिखल साठतो तिथे म्हणजे सीलवर आणि ब्रीदरवर. गाडी गार झाल्यावर धुवा आणि सीलवर सरळ झोत मारू नका. खाऱ्या पाण्यात गेला असाल तर मात्र गोड्या पाण्याने धुणं लांबवू नका, फक्त झोत हलका ठेवा.

९. दुसऱ्या दिवशी सकाळी

पाणी ऑइलपेक्षा जड, रात्रभर गाडी उभी राहिली की तळाशी बसतं. सकाळी गाडी न हलवता ड्रेन प्लग किंचित सैल करा, काढू नका, बरणी खाली धरा आणि चार-पाच थेंब पडू द्या. आधी पाणी आलं तर उत्तर मिळालं. ऑइल आलं तर बरणी उजेडात धरा, आरपार मधासारखं दिसलं तर प्लग आवळा आणि मोकळे व्हा. गढूळ, दुधाळ दिसलं तर पाणी मिसळलंय.

मधल्यामध्ये वाटलं तर जुना स्टीलचा चमचा चांगला तापवा आणि त्यावर एक थेंब टाका. तडतडला तर पाणी आहे, शांतपणे धुरकटला तर नाही. पकडीने धरा, तोंड लांब ठेवा, डोळ्यांना चष्मा.

१०. शिरलंच असेल तर

गाडी उभी करून ठेवू नका आणि पुढच्या सर्व्हिसला बघू असंही म्हणू नका. बेअरिंगवर गंज चढायला फार दिवस लागत नाहीत, आणि एकदा रोलरवर डाग पडला की ऑइल कितीही बदला, आवाज येणारच.

पूर्ण ड्रेन करा. मग प्लग उघडा ठेवूनच एका बाजूचं चाक उचलून स्टँडवर घ्या, दहा मिनिटं थांबा, मग दुसऱ्या बाजूचं. ॲक्सलच्या नळ्यांत पाणी साठून राहतं आणि सपाट गाडीत ते गोळ्यापर्यंत येतच नाही, माझ्या गाडीत दुसऱ्या बाजूने उचलल्यावर अजून कपभर निघालं. गोळ्याला मागून झाकण असेल तर ते काढून तळ पुसून घ्या, गॅस्केट नवीन लावा.

मग त्याच ग्रेडचं स्वस्तातलं ऑइल भरा, १०-१५ किलोमीटर आरामात चालवा, गरम असतानाच काढा, बरणीत बघा. डिझेल भरून गाडी चालवायचा जुना उपाय कुणी सांगेल, चालवू नका, क्राऊन-पिनियनच्या दातांना जो दाब असतो तो डिझेल नाही पेलत. दुधाळपणा जाईपर्यंत हेच परत, मला तीनदा करावं लागलं. शेवटी चांगलं ऑइल, नवीन वॉशर, टॉर्कने प्लग.

पाणी आलं कुठून ते शोधल्याशिवाय हे चांगलं ऑइल भरू नका, नाहीतर पुढच्या ओढ्याला तेच. आणि साधारण ५०० किलोमीटरनंतर परत एकदा ड्रेन प्लगचं मॅग्नेट बघा आणि बरणीत चार थेंब घ्या. तोपर्यंत ५०-६० च्या स्पीडला गाणी बंद ठेवून, काचा वर करून गाडी चालवा आणि मागून काही ऐकू येतंय का तिकडे कान द्या.